फावल्या वेळातला लवाद

३ जून २०२४ रोजी केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या खर्च विभागाने एक परिपत्रक काढलं आणि वकिलांच्या जगात जो धुरळा उडाला तो अजून खाली बसलेला नाही. सरकारी खरेदीच्या मोठ्या कंत्राटांत लवादाचं कलम, म्हणजे वाद झाला तर तो कोर्टाऐवजी नेमलेल्या पंचापुढे न्यायची अट, यापुढे सवयीने घालू नये. घालायचंच तर साधारणपणे १० कोटी रुपयांपेक्षा कमी रकमेच्या वादांपुरतं ठेवावं, असा त्याचा मथितार्थ. कारणं मंत्रालयाने आडपडदा न ठेवता दिली. लवाद वेळेत संपत नाही. खर्च अफाट येतो. न्यायाधीश नेमताना जी कसोटी लागते ती आर्बिट्रेटरला, म्हणजे लवादात निवाडा देणाऱ्या पंचाला, लागत नाही. निवाडा चुकला तर दाद मागायला जागा फार थोडी, आणि संगनमताचे आरोप होतात ते वेगळेच. यावर वकील मंडळींचं उत्तर ठरलेलं: भारताला सिंगापूरसारखं आंतरराष्ट्रीय लवादाचं केंद्र व्हायचंय, आणि सर्वात मोठा पक्षकार असलेलं सरकारच अंग काढून घेतंय. तेव्हापासून चर्चासत्रांत, लेखांत, टीव्हीवर हाच सामना चालू आहे. एक बाजू म्हणते दुकान बंद करा, दुसरी म्हणते दुकानाला नवी पाटी लावा.

आपल्याकडचा लवाद रखडतो, कारण तो कुणाचंच मुख्य काम नाही. वकिलासाठी तो कोर्ट सुटल्यानंतरचा धंदा आहे, आर्बिट्रेटरसाठी बहुधा निवृत्तीनंतरचा, आणि सरकारी अधिकाऱ्यासाठी बदली होईपर्यंत सांभाळायची ब्याद. कायदा आपण १९९६ साली नवा केला. २०१५, २०१९ आणि २०२१ मध्ये दुरुस्त केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये आणखी एका दुरुस्तीचा मसुदा आला. ज्या माणसांनी हा कायदा राबवायचा त्यांचा दिवस कसा जातो, हे मात्र कुणी विचारत नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

या विषयाशी रोजचा संबंध नसलेल्यांसाठी थोडक्यात. पुण्याची कंपनी आणि कोरियाची कंपनी यांच्यात करार होतो. वाद झाला तर पुण्याच्या कोर्टात जायला कोरियन तयार नसतो आणि सोलच्या कोर्टात जायला पुणेकर. मग दोघं मिळून तिसरीकडे, बहुधा सिंगापूर किंवा लंडनमध्ये, तीन आर्बिट्रेटरांपुढे भांडायचं ठरवतात. १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे हा निवाडा १७० हून अधिक देशांत वसूल करता येतो. कोर्टाच्या हुकुमाला परदेशात अशी किंमत सहसा मिळत नाही. भारतीय कंपन्या या बाजारात नवख्या नाहीत. सिंगापूरच्या लवाद केंद्रात येणाऱ्या परदेशी पक्षकारांत भारतीयांचा क्रमांक अनेक वर्षं अगदी वर राहिला आहे. म्हणजे वाद आपले, पैसा आपला, पुष्कळदा वकीलही आपलेच. आणि सुनावणी तिथे.

सरकारची तक्रार खोटी आहे का? नाही, आणि वकिलांनी ती हसण्यावारी नेऊ नये. नायजेरियाचं उदाहरण घ्या. २०१० साली तिथल्या सरकारने एका छोट्याशा कंपनीशी गॅसवर प्रक्रिया करण्याचा करार केला. प्रकल्पाची एक वीटही रचली गेली नाही. करार मोडला म्हणून कंपनी लंडनमध्ये लवादात गेली आणि २०१७ मध्ये तिला ६.६ अब्ज डॉलरचा निवाडा मिळाला. व्याज धरून तो पुढे ११ अब्जांवर गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या हायकोर्टात न्यायमूर्ती रॉबिन नोल्स यांनी तो रद्द केला. लाच दिली गेली होती, खोटा पुरावा पुढे आला होता, आणि नायजेरिया आणि तिच्या वकिलांमधली गोपनीय कागदपत्रं कंपनीच्या हाती पडली होती. लवादात बसलेली माणसं नामांकित होती, त्यांच्या सचोटीबद्दल न्यायमूर्तींनाही शंका नव्हती. तरीही एका देशाचा खजिना रिता होईल एवढा निवाडा बंद दाराआड झाला आणि आत काय शिजतंय ते कुणाच्या लक्षात आलं नाही. आता अर्थ मंत्रालयातल्या एखाद्या सहसचिवाने हा निकाल वाचला आणि आपल्या कंत्राटांतून लवाद काढून टाकावासा त्याला वाटला, तर त्याला मूर्ख म्हणायचं का?

दिल्ली मेट्रोचं प्रकरण तर घरचंच. विमानतळ मार्ग चालवणाऱ्या रिलायन्सच्या कंपनीने २०१२ मध्ये करार संपवला, २०१७ मध्ये तिला २,७८२ कोटींहून अधिक रकमेचा निवाडा मिळाला, सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला, आणि एप्रिल २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने क्युरेटिव्ह याचिकेत, म्हणजे फेरविचारानंतरच्या अगदी शेवटच्या अर्जावर, तो उलटवला. तोवर व्याजासह रक्कम ८,००० कोटींच्या घरात गेली होती. या निकालाने लवादवाले हादरले, कारण अंतिम म्हणवला जाणारा निवाडा सात वर्षांनीही अंतिम नव्हता. सरकारी बाजूला वाटलं, बघा, आम्ही म्हणतच होतो. मला या प्रकरणातून तिसरीच गोष्ट दिसते: २०१२ ते २०२४ ही बारा वर्षं. निवाडा बरोबर की चूक हे ठरवायला जर तप लागणार असेल, तर हरलेल्या पक्षासाठी काळ हाच सर्वात मोठा खर्च ठरतो.

तेव्हा सरकारचं दुखणं खरं आहे. उपाय मात्र पटत नाही. पहिली गोष्ट, आर्बिट्रेटर कसे निवडले जातात याबद्दल सरकारने तक्रार करणं जरा विनोदी आहे. रेल्वे, सार्वजनिक बांधकाम, पाटबंधारे, कुठलंही जुनं कंत्राट उघडा. आर्बिट्रेटर कोण, तर खात्याचाच अधीक्षक अभियंता नाहीतर महाव्यवस्थापकाने नेमलेला अधिकारी. ठेकेदाराने ज्या खात्याविरुद्ध दाद मागायची त्याच खात्याचा माणूस निवाडा देणार. २०१५ च्या दुरुस्तीने पक्षकाराच्या नोकराला आर्बिट्रेटर होण्याची मनाई केली. पण पॅनेल आम्ही बनवणार, नावं आम्ही देणार, हा हट्ट सुटला नाही, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाला रेल्वेच्याच एका प्रकरणात सांगावं लागलं की एका बाजूने अशी एकतर्फी नेमणूक करणं समानतेच्या तत्त्वात बसत नाही. दशकानुदशकं निवड ज्यांच्या हातात होती तेच आता म्हणतात की निवड धड होत नाही.

दुसरी गोष्ट, लवाद नको तर मग कुठे जायचं? कोर्टात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. देशभरच्या न्यायालयांत आज पाच कोटींहून अधिक प्रकरणं तुंबली आहेत. त्यांच्या मागे आणखी काही हजार कोटींची कंत्राटं नेऊन उभी करायची आणि याला सुधारणा म्हणायचं! शिवाय आंतरराष्ट्रीय बाजूने बघा. देशादेशांतल्या गुंतवणूक करारांखाली भारत पहिल्यांदा हरला तो व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीकडून, २०११ मध्ये. त्या कंपनीकडे कोल इंडियाविरुद्धचा २००२ सालचा निवाडा होता. तो वसूल करायला ती आपल्या कोर्टांत आली आणि नऊ वर्षं इथेच अडकली. लवादाने भारताला दोषी धरलं ते या दिरंगाईपायी: हक्क बजावण्याचं परिणामकारक साधनच तुम्ही दिलं नाहीत. जी दिरंगाई आंतरराष्ट्रीय पातळीवर आपल्या अंगाशी आली, तिच्याच दारात मंत्रालय आता सगळी कंत्राटं पाठवायला निघालंय.

महाराष्ट्रात लवादाबद्दलच्या अविश्वासाला आणखी एक जुनी किनार आहे, ती म्हणजे दाभोळ. १९९५ च्या ऑगस्टमध्ये युती सरकारने एन्रॉनचा प्रकल्प रद्द केला, कंपनीने लंडनमध्ये लवादाची प्रक्रिया सुरू केली, आणि गुहागर तालुक्यातल्या विजेचा फैसला साता समुद्रापलीकडे होणार या कल्पनेने अनेकांचं रक्त उसळलं. पुढे प्रकल्प बंद पडल्यावर २००५ मध्ये बेक्टेल आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्या बाजूने निवाडाही आला. तेव्हापासून आंतरराष्ट्रीय लवाद म्हणजे परदेशी कंपन्यांनी गरीब देशाच्या नरडीला लावलेला सुरा, असं मानणारा एक वर्ग आपल्याकडे आहे. त्यांच्या रागाचं मूळ मला समजतं, पण राग चुकीच्या माणसावर निघतो. डॉलरला बांधलेला वीजदर, वीज घ्या न घ्या ठरावीक आकार भराच ही अट, ही कलमं लवादाने लिहिली नव्हती. ती मुंबईत, आपल्याच सरकारच्या सहीने लिहिली गेली. करार वाचणाऱ्याला शिव्या घालत बसलं की करार लिहिणारे अलगद सुटतात.

आता दुसऱ्या बाजूकडे. भारताला केंद्र बनवण्याची भाषा करणाऱ्यांनी गेल्या दशकात काय केलं? मुंबईत २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र निघालं. दिल्लीसाठी २०१९ मध्ये खास कायदा झाला आणि २०२२ मध्ये त्या केंद्राचं नाव बदलण्यासाठी दुरुस्तीही झाली. हैदराबादला डिसेंबर २०२१ मध्ये आणखी एक केंद्र उघडलं. गुजरातच्या गिफ्ट सिटीचं स्वप्न चालूच आहे. प्रत्येक उद्घाटनाला सिंगापूरच्या मॅक्सवेल चेंबर्स या लवादाच्या सुनावणी-संकुलाचा दाखला असतो: जुन्या कस्टम्सच्या इमारतीत त्यांनी कशी देखणी दालनं केली वगैरे. इमारत देखणी आहेच. पण सिंगापूरचं लवाद केंद्र १९९१ मध्ये सुरू झालं आणि मॅक्सवेल चेंबर्स २००९ मध्ये. मधली अठरा वर्षं त्यांनी काय केलं, ते आपल्याला नको असतं.

खरा फरक बघायचा तर मुंबईतली एक साधी संध्याकाळ बघावी. वाद रस्त्याच्या कंत्राटाचा आहे. साक्षीदार म्हणजे निवृत्त कार्यकारी अभियंता, नाशिकहून सकाळच्या पंचवटीने आलेले. मांडीवर मोजमाप पुस्तिकांच्या झेरॉक्सची जाडजूड फाइल. सुनावणी पाचची. हायकोर्ट साडेचार-पाचला उठतं; सिनिअर वकील साडेपाचला घाम पुसत येतात, कारण त्यांचं प्रकरण तिथे लांबलं. पंधरा मिनिटं चहात आणि मागच्या वेळी कुठे थांबलो होतो हे शोधण्यात जातात. मागची तारीख दीड महिन्यापूर्वीची. मग उलटतपासणी सुरू होते: खडीकरणाच्या तिसऱ्या थराची नोंद कुठल्या पानावर, त्यावर सही कुणाची, तारीख खाडाखोड केलेली का. प्रत्येक प्रश्न आर्बिट्रेटर आपल्या शब्दांत स्टेनोला सांगतात, स्टेनो टाइप करतो, वाचून दाखवतो, दोन्ही वकील त्यातल्या एका शब्दावर भांडतात. साडेसातला आर्बिट्रेटर घड्याळाकडे बघतात, तोवर अठरा प्रश्न झालेले असतात. पुढची तारीख? एका सिनिअरची सोय नाही, दुसऱ्यांच्या घरी लग्न, मग कोर्टाची सुट्टी. निघते सात आठवड्यांनंतरची. अभियंता साहेब फाइल पिशवीत घालतात आणि परतीची गाडी मिळेल का ते बघू लागतात. यात लबाड कुणीच नाही. पण सगळ्यांचा मुख्य दिवस दुसरीकडे खर्च होऊन उरलेले दोन तास इथे आलेले असतात.

हाच वाद सिंगापूरला असता तर? तारखा वर्षभर आधी ठरल्या असत्या, सलग आठवडा दोन आठवड्यांच्या. सकाळी साडेनऊला सुरुवात, प्रत्येक बाजूला तास मोजून दिलेले, बुद्धिबळाच्या घड्याळासारखं घड्याळ टेबलावर. तुमच्या वकिलाने आक्षेपांत वेळ घालवला तर तो तुमच्या खात्यातून जातो. बोललेला शब्द त्याच क्षणी पडद्यावर उमटतो. दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ अभियंते एकत्र बसवून समोरासमोर प्रश्न विचारले जातात. आणि नाशिकचे साहेब एका दिवसात मोकळे होतात.

म्हणून लवाद हेच ज्यांचं मुख्य काम, असे पूर्णवेळ वकील आपल्याकडे हवेत. यावरचा सर्वात वजनदार आक्षेप असा: लंडनचे बॅरिस्टरही कोर्ट आणि लवाद दोन्ही करतातच की! त्यांचं काही अडत नाही. मग पूर्णवेळ लवाद करणाऱ्या वकिलांचा आग्रह कशाला? आक्षेप बिनतोड वाटतो. पण तिथे कोर्टातल्या खटल्यालाही महिनोन्महिने आधी दिवस नेमून दिलेले असतात. बॅरिस्टरचा क्लार्क डायरीत ते दिवस लिहितो आणि उरलेले दिवस लवादाला विकतो. आपल्याकडच्या वकिलाला रात्री बोर्ड, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, बघेपर्यंत उद्या कुठल्या कोर्टात कितवा नंबर आहे हे माहीत नसतं, आणि सकाळी गेल्यावरही नंबर लागेल की नाही याची खात्री नसते. अशा माणसाने लवादाला सलग आठ दिवस द्यायचे म्हणजे आठ दिवस हायकोर्टातल्या साऱ्या पक्षकारांना वाऱ्यावर सोडायचं. तो देत नाही, यात त्याचा दोष थोडाच. कोर्टाची अनिश्चितता लवादात पाझरते ती अशी, वकिलाच्या डायरीतून. म्हणूनच कोर्टापासून सुटका म्हणून शोधलेली ही व्यवस्था कोर्टाची संध्याकाळची शाखा होऊन बसली आहे.

हे दुखणं नवं नाही. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एलफिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाबद्दल १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात पंचायतीचं कौतुक आहे. लोकांना ती आपली वाटते, पंचांत परमेश्वर बघतात, म्हणून नव्या राज्यातही मुख्य साधन हेच असावं असं त्याचं मत होतं. पण तिचे दोषही त्याने झाकले नाहीत. पंच जमायला उशीर, जमले तर टिकायला उशीर. या बिनमोबदल्याच्या कटकटीत भल्या माणसाने पडावंच का, याला उत्तर नाही. आणि ज्यांना स्वारस्य ते लाच खाणार. पुढे १८२७ मध्ये मुंबई इलाख्याचे कायदे झाले, पगारी न्यायाधीशांची कोर्टं आली आणि पंचायत हळूहळू मागे पडली. इंग्रजांनी आपली न्यायसंस्था मोडली असं आपण सरसकट म्हणतो. त्यात तथ्य आहेच; पण जिला कुणी पूर्ण दिवस देत नव्हतं ती व्यवस्था, पूर्ण दिवस बसणाऱ्या माणसापुढे किती टिकणार होती? दीडशे वर्षांनी, १९८१ मध्ये, न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी १९४० च्या लवाद कायद्याखालचा कारभार बघून लिहिलं की याने वकील हसतात आणि कायद्याचे तत्त्वज्ञ रडतात. तेव्हाही आपण कायदाच बदलला.

सलग सुनावणी परवडणार कुणाला, हा पुढचा प्रश्न. तो योग्य आहे. आंतरराष्ट्रीय लवाद महाग आहे आणि जगभरचे पक्षकार त्याच्या नावाने बोटं मोडतात. पण हिशेब नीट करा. दोन-दोन तासांच्या तीस संध्याकाळी म्हणजे साठ तास. रोज सहा तास धरले तर हे दहा दिवसांचं काम. तीस संध्याकाळींसाठी तीस वेळा फाइल पुन्हा वाचावी लागते, तीस वेळा वकिलाची फी, आणि बैठकीवार फी घेणाऱ्या आर्बिट्रेटरला बैठका वाढण्यात तोटा काहीच नाही. विधी आयोगाने २०१४ च्या २४६ व्या अहवालात याच फीबाजीवर कोरडे ओढले होते. त्यावर २०१५ मध्ये कायद्याला चौथी अनुसूची जोडून ३० लाखांची कमाल मर्यादा सुचवली गेली, आणि २०२२ मध्ये ओएनजीसी-अॅफकॉन्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आर्बिट्रेटर पक्षकारांच्या संमतीशिवाय आपली फी आपणच ठरवू शकत नाहीत. चांगलं झालं. पण फीवर एवढी नजर ठेवणारे आपण व्याज विसरतो. १०० कोटींच्या दाव्यावर सालिना १२ टक्के दर धरला तर महिन्याला १ कोटी चढतात. म्हणजे तारीख तीन महिने पुढे गेली की आर्बिट्रेटरच्या ३० लाखांच्या दहापट रक्कम हरणाऱ्याच्या डोक्यावर बसते. सरकारी कंत्राटात हरणारा म्हणजे शेवटी करदाता. खर्च कमी करायचाय ना? मग फीपेक्षा कॅलेंडर आवळा.

पूर्णवेळ लवादाचं आयुष्य म्हणजे नंदनवन, असं मात्र कुणी समजू नये. सिंगापूर-लंडनच्या फर्ममध्ये गेलेली आपली मुलं-मुली काय करतात? सुनावणीच्या आठवड्यात दिवसभर टेबलाच्या दुसऱ्या रांगेत बसून सिनिअरच्या हाती नेमकं पान द्यायचं. संध्याकाळी आलेल्या ट्रान्सक्रिप्टच्या चुका काढायच्या. रात्री उद्याच्या साक्षीदाराच्या उलटतपासणीचे कागद लावायचे, पहाटे दोनला सिनिअरचा मेसेज आला की क्रम पुन्हा बदलायचा. ऑनलाइन सुनावणी आली तेव्हा प्रवास वाचला, पण उन्हाळ्यात लंडनचे दुपारचे दोन म्हणजे मुंबईचे संध्याकाळचे साडेसहा आणि सिंगापूरचे रात्रीचे नऊ. तिघांना जमणारी वेळ काढायची तर कुणाचं तरी जेवण आणि झोप जाणारच. गोपनीयतेमुळे वर्षभर कशासाठी राबलो हे घरच्यांनाही सांगता येत नाही. पस्तिशीच्या आत कंटाळून बाहेर पडणारे कमी नाहीत. तरीही एक गोष्ट त्यांना मिळते जी मुंबईच्या ज्युनिअरला मिळत नाही: एक वाद पहिल्या नोटिशीपासून निवाड्यापर्यंत आपल्या डोळ्यांसमोर संपताना बघायला मिळतो. फोर्टातल्या चेंबरमधली हुशार मुलगी त्याच वयात तारखा मागत असते, आणि तिने सुरू केलेल्या प्रकरणाचा निवाडा येतो तेव्हा ते चेंबर सोडून तिला चार वर्षं झालेली असतात. तिला परदेशी जाण्यापासून थांबवायला आपल्याकडे देशभक्तीखेरीज दुसरा मुद्दा काय आहे?

यावर कुणी म्हणेल, परदेशी वकिलांना दारं उघडा, स्पर्धेने सगळं सरळ होईल. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने त्यांना आंतरराष्ट्रीय लवादासाठी येऊन-जाऊन काम करायला वाव मिळालाच होता, पुढे बार कौन्सिलनेही नियम केले. येऊ द्यात. पण नाशिकच्या साहेबांच्या साक्षीला त्यांचा काही उपयोग नाही.

मग करायचं काय? काही गोष्टी इतक्या साध्या आहेत की लाज वाटावी. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाकडे आर्बिट्रेटर होताना आपल्याकडे पुरेसा वेळ आहे असं लेखी द्यावं लागतं. शेवटच्या सुनावणीनंतर तिघांच्या लवादाने तीन महिन्यांत निवाड्याचा मसुदा द्यायचा. उशीर झाला तर फी कापली जाते, आणि उशीर वाढेल तशी कपात वाढते. कापतं कोण? संस्था. आपल्या कायद्याच्या २९ अ कलमातही दिरंगाईबद्दल महिन्याला ५ टक्क्यांपर्यंत फी कापायची सोय २०१५ पासून आहे. पण ती कापायला कोर्टात जावं लागतं, म्हणजे उशिराची दाद मागायला आणखी उशीर पत्करायचा, आणि तीही ज्यांच्या हाती निवाडा आहे त्यांचीच फी कापा म्हणून! असा अर्ज करण्याची छाती कुठल्या वकिलाची होणार? म्हणून संस्थेमार्फत चालणारा लवाद हवा. त्यात ही कडू भूमिका घ्यायला तिसरा कुणीतरी असतो. सरकारने आपल्या कंत्राटात लवादाचं कलम ठेवावं आणि त्यात तीन ओळी वाढवाव्यात: सुनावणी सलग दिवसांची, ठरलेल्या संस्थेच्या नियमांखाली, आणि खात्याच्या बाजूने एक अधिकारी निवाड्यापर्यंत बदली न होता नेमलेला. यातली तिसरी ओळ सर्वात अवघड, हे मान्य. पण अधिकारी बदलतात म्हणून सरकारी बाजू नीट मांडता येत नाही, हे त्या परिपत्रकातच लिहिलंय. बदल्या कोण करतं?

महाराष्ट्राला तर नव्याने शोध लावायची गरजही नाही. ५ कोटींवरच्या सरकारी कंत्राटांत संस्थात्मक लवाद असावा, असं धोरण राज्याने ऑक्टोबर २०१६ मध्येच ठरवलं होतं. केंद्राने आठ वर्षांनी मोठ्या रकमांसाठी जी वाट सोडली, ती मोठ्या रकमांसाठीच मुंबईने आधी धरलेली होती. या दोन धोरणांतलं कुठलं शहाणपणाचं, यावर हमरीतुमरीवर येण्याआधी राज्य सरकारने एवढं जाहीर करावं: २०१६ नंतरच्या किती कंत्राटांत ते कलम प्रत्यक्ष उतरलं, त्यांतले किती वाद लवाद केंद्राकडे गेले, आणि पहिल्या नोटिशीपासून निवाड्यापर्यंत प्रत्येकाला किती महिने लागले. खात्याखात्यांच्या कपाटांत ही माहिती पडलेली आहे. ती मागायला कुठल्याही नव्या कायद्याची गरज नाही, आणि विधिमंडळात तारांकित प्रश्न विचारायला कुठल्याही आमदाराला कुणाची परवानगी लागत नाही.